दहा जणांच्या कार्यालयात गिटसाठी (कोडमधला प्रत्येक बदल इतिहासासह जपणारी प्रणाली) झिऑनचा, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरचा, रॅक सर्व्हर घ्यावा की साधा डेस्कटॉप पुरेल? त्यावर गिटलॅब (गिटची भांडारे ब्राउझरमधून सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवावे का?

झिऑन घेऊ नये. दहा प्रोग्रामरांचे पुश-पुल (सर्व्हरवर कोड पाठवणे व तिथून घेणे) सांभाळताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसतो. हे मी ठासून लिहितो, कारण याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या दाजींचा वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आम्हा दोघांचे भागीदारीतले कार्यालय होते. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी आम्ही सुताचा साठा व मजुरीचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर लिहीत असू. दाजींनी २०१३ साली हौसेने रॅक सर्व्हर आणला, त्यात हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) होते, आणि दोन डिस्कवर एकच माहिती उमटते म्हणजे वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असे त्यांचे ठाम मत होते. असे कार्ड आलेली माहिती आधी स्वतःच्या मेमरीत घेते, ‘लिहिली’ असे कळवून टाकते आणि मग सवडीने डिस्कवर उतरवते. मधल्या काळात वीज गेली तर ती मेमरी कार्डावरच्या छोट्या बॅटरीवर तग धरते. ती बॅटरी निकामी झाली की कार्ड आपणहून हा मार्ग बंद करते व काम मंदावते. आमच्याकडे तसेच झाले, तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने वेग परत यावा म्हणून बॅटरी चांगली असण्याची अट सक्तीने काढून टाकली.

पुढे मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि यूपीएसने दोन मिनिटांत मान टाकली. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते, आणि आमचा यूपीएस पत्र्याखालच्या खोलीत होता. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा सबव्हर्जनच्या (आम्ही तेव्हा वापरत असलेली, गिटसारखीच बदल जपणारी जुनी प्रणाली) भांडारातल्या काही फायली शून्य बाइटच्या झालेल्या होत्या, आणि दोन्ही डिस्कवर तंतोतंत सारख्याच. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा ‘एसव्हीएनॲडमिन डंप’ (भांडाराची इतिहासासह काढलेली प्रत) चार महिन्यांपूर्वीचा निघाला. सबव्हर्जनमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर फक्त त्याने घेतलेली आवृत्ती असते, त्यामुळे ताजा कोड वाचला, पण चार महिन्यांचा इतिहास गेला. पुढच्याच महिन्यात एका कारखानदाराने मजुरीचा दर कोणाच्या सांगण्यावरून बदलला असे विचारले, तेव्हा आमच्याकडे दाखवायला काही नव्हते.

म्हणून पैसा यूपीएस, त्याच्या वेळेवर बदललेल्या बॅटऱ्या आणि कार्यालयाबाहेर ठेवलेला बॅकअप यांवर खर्च करावा. यंत्र म्हणून १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप आणि दोन एसएसडी घेऊन लिनक्सच्या ‘एमडीॲडम’ या साधनाने आरसा करावा (दोन्हींवर एकच माहिती), कार्ड नसल्याने ती डिस्क कोणत्याही लिनक्स यंत्रावर वाचता येते. गिटलॅबला एकट्यालाच काही जीबी रॅम लागते, तर गिटी हे तशाच कामाचे हलके सॉफ्टवेअर लहान गटासाठी १ जीबीतही चालते. दहा जणांसाठी मी गिटीच निवडीन.

गिटमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये (प्रोग्रामरच्या संगणकावरच्या प्रतीत) सगळा इतिहास असतो, म्हणून बॅकअप नको, असे म्हणणारेही भेटतील. त्यांना सांगावे की तक्रारींच्या नोंदी, पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) आणि वापरकर्त्यांचे अधिकार क्लोनमध्ये येत नाहीत. त्यासाठी ‘गिटी डंप’ (गिटीतले सगळे एका फाइलीत उतरवणारी आज्ञा) रोज रात्री चालवावा, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. त्याच यंत्रावर बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणे) आणि चाचण्याही चालवायच्या असतील, तर प्रोसेसर खरोखर लागतो. तसेच जॅकार्डच्या नक्षीच्या मोठ्या बिटमॅप फायली ठेवायच्या असतील, तर गिट एकटे पुरत नाही. एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या ठेवणारी गिटची जोड) जोडावे, किंवा एका वेळी एकानेच फाइल बदलावी अशी कुलुपाची सोय असलेले सबव्हर्जन सरळ वापरावे, त्यात कमीपणा नाही.

दाजी आजही म्हणतात की यंत्र उत्तम होते, दोष कार्डावरच्या बॅटरीचा होता. ती बॅटरी बदलण्याचे कोटेशन वीज जाण्यापूर्वी सहा आठवडे त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडून होते.