मोठ्या काडतुसाला दारू कोणती?

प्रश्न : मी .४५८ विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या शिकारी रायफलीची काडतुसं स्वतः भरतो. भरभर जळणारी दारू थोडीशी पुरते, मग तीच वापरली तर?

उत्तर : नको, कृपा करून नको. अशी दारू मोठ्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीत, तळाशीच राहते, आणि चुकून दुसऱ्यांदा माप पडलं तरी ती मावून जाते. पुंगळ्या उभ्या ठेवायच्या माझ्या फळीवर एकदा पन्नासांतली एक पुंगळी काठोकाठ भरलेली दिसली. बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावलो नसतो तर ती बंदुकीत गेली असती. हात गार पडले होते माझे. तेव्हापासून पुंगळी बरीचशी भरेल अशीच, मध्यम वेगाने जळणारी दारू मी घेतो. दुसरं माप पडलं की ती सांडतेच.

पण ठासूनही भरू नका. १९५६ साली हे काडतूस आलं, तेव्हा आखूड पुंगळीत दारू दाबून बसवावी लागे. साठवणीत तिच्या गुठळ्या होत आणि गोळीचा वेग पडे.

माप उत्पादकाच्या छापील तक्त्यातलंच घ्या, सुरुवात सर्वांत कमी आकड्यापासून करा. आणि तक्ता ग्रेनमध्ये असतो, ग्रॅममध्ये नव्हे : १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन.