सगळं थोडं थोडं येतं, पण एकही धड येत नाही

बडोद्याहून एका मुलीचं पत्र आलंय. डिजिटल मीडिया आणि क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीच्या सेकंड इयरला आहे, घर दांडिया बाजारात. ती लिहिते, "ताई, कॅमेरा, एडिटिंग, ब्लेंडर सॉफ्टवेअरवरचं थ्रीडी अॅनिमेशन, कोडिंग, साऊंड सगळं थोडं थोडं येतं पण एकही धड येत नाही. कॉलेजच्या ज्यूरीत, परीक्षकांसमोर, माझं इन्स्टॉलेशन चाललंच नाही, माझं नशीबच खराब. बाबा म्हणतात अजून वेळ आहे, बीकॉमला जा. आणि सगळं एआयच करणार असेल तर मी हे शिकतेय कशाला?"

अगं, आधी ज्यूरीचं बोलू, कारण त्यावर तू जेमतेम चार ओळी लिहिल्यास आणि मला तर सगळ्या पत्रात त्याच महत्त्वाच्या वाटल्या. तुझं इन्स्टॉलेशन म्हणजे भिंतीवर प्रोजेक्टरने गरब्याचा गोल, माणूस जवळ आला की गोल मोठा होणार, खाली आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर. घरी कपाटासमोर एकदम मस्त चाललं, आणि ज्यूरीच्या मॅडम समोर आल्या तर गोल आधी हलेचना आणि मग नुसत्या उड्या मारायला लागला. यात नशीब कुठून आलं? तो सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. कपाट कडक आणि सपाट, आवाज सरळ परत येतो. मॅडमची सुती साडी मऊ, ती आवाज शोषून घेते, त्यात माणूस जरा तिरका उभा राहिला की उरलेला आवाज भलतीकडेच जातो. माझा अंदाज तरी हाच आहे. आता एक कर, एका रीडिंगवर विसंबू नकोस, पाच-सात रीडिंग घेऊन ती लहान-मोठी अशी लाव आणि त्यातलं मधलं धर, आणि मुख्य म्हणजे कपाट सोड, आजीला उभं कर, काकूला उभं कर, शेजारच्या मुलाला पळत यायला सांग, मग बघ काय होतं. नाहीच जमलं तर सेन्सर बदल, वेबकॅमवर माणूस ओळखून कर. ही जी खटपट आहे ना, खऱ्या माणसांसमोर वस्तू का अडली ते शोधायचं आणि ती चालती करायची, तुझं फील्ड म्हणजे हेच आहे. म्यूझियमवाले, एक्झिबिशनवाले, इव्हेंटमध्ये प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे भिंती-इमारतींच्या आकाराला बेतून त्यांवर चित्रं पाडायचं काम, करणारे लोक पैसे देतात ते याच कामाचे.

आता थोडं थोडं येण्याबद्दल. तू बडोद्याची आहेस म्हणून सांगते, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, आणि तिथे शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे दादासाहेब फाळके. चित्रकला, फोटोग्राफी, पुढे छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा, लोकांना तेव्हा वाटलंच असेल की हा माणूस एका जागी टिकत नाही. पण १९१३ मध्ये सिनेमा काढताना यातलं सगळं कामाला आलं. म्हणजे बरंच काही शिकणं वाईट नाही, पण ते कुठल्या तरी एका कामात एकत्र आलं पाहिजे. तुझी अडचण मला तिथे दिसते, तुझ्याकडे वीस असाइनमेंट आहेत आणि पूर्ण झालेली वस्तू एकही नाही.

म्हणून या वर्षी नवीन सॉफ्टवेअर बंद. ब्लेंडर फुकट आहे, त्यातच केलेल्या एका लाटव्हियन सिनेमाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा टूल कमी पडतंय ही तक्रार नको. एकच प्रोजेक्ट घे आणि तडीस ने. मला विचारशील तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा घे, तिथली भित्तिचित्रं बडोद्यातल्याच कितीतरी मराठी लोकांनी पाहिलेली नाहीत. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढ, एका चित्राचे शेजारशेजारचे फोटो अर्ध्याहून जास्त एकावर एक येतील असे काढ म्हणजे जोडता येतात, आणि मोबाईलवर बोट ठेवलं की त्या प्रसंगाची गोष्ट मराठी-गुजरातीत ऐकू येईल असं काहीतरी कर. आवाज आजीचा घे. यात तुझा कॅमेरा, कोडिंग, साऊंड सगळं येतं, आणि करता करता तुला आपोआप कळेल की रात्री जागून करावंसं वाटतं ते नेमकं काय आहे, कोड की चित्र की आवाज, तेच थर्ड इयरला मुख्य धर.

एआयची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पोस्टरचं बॅकग्राउंड, कच्चा स्टोरीबोर्ड, साधं एडिटिंग ही शिकाऊ मुलांची कामं कमी होणार, काही ठिकाणी झालीच आहेत. म्हणूनच नुसत्या सुंदर इमेजेसचा पोर्टफोलिओ नको. पण परवानगी काढायला वाड्यावर तूच जाणार ना, सेन्सर कापडासमोर का अडतो ते तिथे उभं राहून तूच बघणार. पोर्टफोलिओत ते दाखव, आधी काय अडलं, काय बदललं, मग लोकांनी ते कसं वापरलं, दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे, त्यावर धडाकेबाज म्युझिक लावू नकोस.

बाबांशी भांडू नकोस गं. डिग्रीचं नाव त्यांना समजत नाही, नोकरी काय म्हणून लागणार हे त्यांना हवंय आणि ते विचारणं रास्त आहे. मोशन ग्राफिक्स, यूआय-यूएक्स (अॅप-वेबसाइट वापरायला सोपी जावी अशी आखणं), गेम, एक्झिबिशन डिझाइन, या प्रत्येकातल्या दोन-तीन नोकरीच्या जाहिराती काढ, काय काय मागितलंय त्यावर खुणा कर आणि त्यांच्यासोबत बसून वाच. सुट्टीत लहानशी का होईना इंटर्नशिप कर, ती पण शक्यतो पगारी. आणि पुढे एमडेसचा, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्सचा, विचार असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीईईडी (CEED) प्रवेश परीक्षा लास्ट इयरला असतानाही देता येते, जानेवारीत असते, फॉर्म साधारण ऑक्टोबरपासून. तिचा दुसरा भाग कागदावर हाताने काढायचा असतो, तेव्हा स्केचिंग आजपासूनच सुरू कर, खंडेराव मार्केटात भाजी घेणारी माणसं काढ, फोटोवरून नको. वाड्याची परवानगी काढताना अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर मला कळव, मसुदा मी बघून देईन.