आनुवंशिकता शिकायला गुलबक्षीपासूनच सुरुवात करा

गुलाबी गुलबक्षीच्या बियांतून लाल आणि पांढरी रोपं आली म्हणून बी भेसळीचं ठरवू नका. लाल-पांढऱ्याच्या संकरातून आलेल्या गुलाबीत दोन्ही रंगांचे आनुवंशिक घटक (जनुकं) असतात. परागकणात किंवा बीजांडात मात्र त्यातला एकच उतरतो. म्हणून स्वपरागणातून (झाडाला स्वतःचेच परागकण मिळाले तर) दर चार रोपांमागे सरासरी १ लाल, २ गुलाबी, १ पांढरं.

नवखे इथे चुकतात:

- चार बिया लावून नेमकं १:२:१ शोधतात. निदान चाळीस लावा, तरी थोडं इकडेतिकडे होणारच.
- संकर करताना स्वपरागण टाळायला पुंकेसर (परागकण देणारे भाग) काढायचे असतात, ते फूल उमलल्यावर काढतात. फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून दुपारीच कळी हलक्या हाताने उघडा, पुंकेसर खुडा, पिशवी बांधा. एका फुलाला एकच काळी बी, त्यामुळे कळ्या भरपूर घ्या.

पिवळी आणि ठिपक्यांची झाडं सध्या बाजूला ठेवा, ती डोकं खातात.