आमचा गट दहा वर्षं डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) 2014 ची, म्हणजे पाचवी आवृत्ती खेळतोय. आता 2024 ची नवी खेळून पाहावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पाच जणांचा गट, कॅम्पेन (अनेक बैठका चालणारं सलग साहस) नवव्या लेव्हलला आलेलं, एकाने हौसेने नवी पुस्तकं आणलीत आणि पुढच्या शनिवारपासून हेच कॅम्पेन नव्या नियमांवर न्यायचं म्हणतोय. बाकीचे नाकं मुरडतायत.

खेळून जरूर पाहा. फक्त चालू कॅम्पेनला हात लावू नका. आम्ही लावला होता.

2008 ची गोष्ट. मी तेव्हा अमेरिकेत शिकत होतो आणि सहा जणांच्या टेबलावर डी अँड डीची 3.5 ही आवृत्ती खेळत होतो. जूनमध्ये चौथी आवृत्ती आली. आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पहिल्याच आठवड्यात पुस्तकं घेतली आणि दीड वर्ष चाललेलं कॅम्पेन तिच्यात ओतायचं ठरवलं. आमच्यातला एक जण नोम बार्ड, म्हणजे बुटक्या नोम जातीचा गाणारा जादूगार, खेळायचा. नव्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) नोमही नव्हता आणि बार्डही नव्हता! नोम मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षसांच्या रांगेत जाऊन बसला होता. दोघंही नीट परत आले ते 2009 च्या दुसऱ्या हँडबुकात. तोवर आमच्या मित्राला हाफलिंग रोग (बुटक्या जातीचा चोर) बनवण्यात आलं आणि तो दर सेशनला सुतकात बसल्यासारखा बसायचा.

विझार्डचंही (जादूगाराचंही) तेच. त्याची जमवलेली स्पेल (मंत्र) गेली आणि हातात अॅट-विल, एन्काउंटर, डेली अशा (हवं तेव्हा, लढाईत एकदा, दिवसातून एकदा वापरायच्या) पॉवर आल्या. अंतर फुटांऐवजी चौकोनांत मोजायचं. पहिली मोठी लढाई तीन तास चालली. तिसऱ्या सेशननंतर आम्ही 'हा तर कॉम्प्युटर गेम झाला' असा निकाल दिला, पुस्तकं निम्म्या किमतीत विकली आणि 2009 मध्ये 3.5 च्याच पायावर उभा असलेला पाथफाइंडर नावाचा खेळ आल्यावर सगळे तिकडे गेलो.

तो निकाल सगळाच चूक होता असं नाही. लढाया खरंच लांबायच्या. पण राक्षसांच्या माराचे आकडे 2010 च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून सुधारले, तोवर आमची पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात होती. गंमत पुढेच आहे. विझार्डने दर फेरीला फुकट मारायची कँट्रिप (छोटा मंत्र), थोडी विश्रांती घेऊन स्वतःच्याच साठ्यातून हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) भरून घेणं, या 2014 मधल्या आपल्या लाडक्या गोष्टी. त्यांची मुळं चौथीत आहेत. निम्मे हिट पॉइंट गेले की 'ब्लडीड' म्हणायचं, हा शब्दही चौथीचाच, तो 2024 मध्ये परत आलाय. वार चुकला तरी थोडं नुकसान करणारी फायटरची पॉवर होती, तिच्यावर तर आम्ही तासभर हसलो होतो. आता ग्रेटसोर्डच्या 'ग्रेझ'मध्ये तेच आहे आणि आमचा फायटर खूश आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. 2024 ची अडचण चौथीच्या अगदी उलटी आहे. चौथी पाहताक्षणी परकी वाटायची, त्यामुळे निदान पुस्तक उघडून वाचावं तरी लागायचं. ही मात्र स्वतःला सहावी म्हणवतच नाही, पाचवीच म्हणवते. नावं तीच, वागणं वेगळं. माझे आजोबा देशी बुद्धिबळ खेळायचे. प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर, राजाला मात्र एकदा घोड्यासारखी अडीच घरं. पट तोच, सोंगट्या त्याच, आणि दर डावाला आमचं भांडण ठरलेलं. इथे तसंच होतं.

पॅलादिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे वारासोबतचा जादा मार घ्या. जुन्यात वार लागला की स्पेल स्लॉट (मंत्रांच्या मोजक्या साठ्यातला एक) मोडायचा आणि मारायचा, वेगळी अॅक्शन लागत नव्हती. नव्यात ते बोनस अॅक्शनचं (पाळीतल्या एका जादा छोट्या कृतीचं) स्पेल आहे, म्हणजे एका पाळीत एकदाच, आणि समोरचा ते काउंटरस्पेलने (मंत्र रोखणाऱ्या मंत्राने) अडवूही शकतो. शिवाय ले ऑन हँड्सही (हात ठेवून बरं करणं) आता बोनस अॅक्शन झालंय, त्यामुळे एकाच पाळीत मारायचं की सावरायचं हे निवडावं लागतं. अचानक हल्ल्यात सापडलेल्याची पूर्वी पहिली पाळीच जायची, आता त्याला फक्त इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) डिसॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरून, टाकावा लागतो. थकव्याचा तो सहा पायऱ्यांचा तक्ता गेला. दर पायरीला वीस बाजूंच्या फाशावर वजा 2 आणि वेग 5 फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मरण मात्र कायम. क्युअर वून्ड्स हे बरं करणारं स्पेल एका आठ-बाजूच्या फाशाऐवजी दोन फासे देतं. यातला एकेक बदल किरकोळ आहे, पण दहा वर्षांच्या सवयीने तुम्ही पुस्तक उघडणारच नाही. अर्धे नियम जुने, अर्धे नवे अशी खिचडी खाल आणि नाव नव्या आवृत्तीचं खराब होईल.

म्हणून मी सांगेन ते एवढंच: नवी कॅरेक्टर, पहिली लेव्हल, सहाएक सेशनचं छोटं साहस, आणि त्यात सगळं नवं. राक्षससुद्धा 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले. जुनी पुस्तकं त्या सहा शनिवारी टेबलावर आणूच नका, जुना प्लेअर्स हँडबुक तर घरीच ठेवा. तिसऱ्या लेव्हलपर्यंत जाच, कारण आता सगळ्याच क्लासना (पात्रांच्या पेशांना) सबक्लास (पेशातली खास शाखा) तिथे मिळतो. त्याआधी मत देणं म्हणजे फोडणी पडायच्या आत आमटीची चव घेणं. सगळ्यांनी पुस्तकं विकत घ्यायचीही गरज नाही. मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत, त्यात बाराही क्लास आणि प्रत्येकाचा एकेक सबक्लास आहे. तेवढ्यावर सहा सेशन आरामात निघतात.

हाऊस रूलही (आपल्या टेबलापुरते बनवलेले नियम) घरी ठेवा. हे लोकांना जड जातं. बोनस अॅक्शनने पोशन पिण्याचा हाऊस रूल तुमच्याकडेही असेलच, अर्ध्या जगाकडे होता. तो आता पुस्तकातच आहे. म्हणजे तुमचे काही नियम नव्याने आपोआप आत घेतलेत आणि काहींची गरजच उरलेली नाही. कुठले ते जुने चष्मे उतरवल्याशिवाय दिसणार नाही.

आणि हो, डीएम कोण असावं? पुस्तकं आणणारा मित्र नको. त्याला प्रत्येक नियम गोड लागणार आणि बाकीच्यांना त्याच्या उत्साहाचाच राग येणार. साशंक पण वाचायची सवय असलेला कुणी असेल तर त्याला बसवा.

आमच्या पुण्यातल्या टेबलावर हे गेल्या वर्षी केलं. वेपन मास्टरी (शस्त्रागणिक मिळणारी खास करामत) मला आवडेल असं वाटलं होतं, आवडलीही, पण 'टॉपल'वाला (समोरच्याला आडवा पाडणारा) फायटर असेल तर दर वाराला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्याचा फासा) टाकत बसावं लागतं. चौथ्या सेशनला मी राक्षसांसाठी वेगळ्या रंगाचे फासे आधीच टाकून ठेवायला लागलो. रेंजरबद्दल मात्र मी आजही नाराज आहे. अख्खा क्लास हंटर्स मार्क या एका स्पेलभोवती बांधलाय आणि विसाव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर त्याच्या नुकसानीचा फासा सहा-बाजूंचा होता तो दहा-बाजूंचा. वीस लेव्हल चढून जाणाऱ्याची ही थट्टा आहे.

शेवटी मत घेताना 'कोणती चांगली' असं विचारलं नाही, त्यावर फक्त भांडणं होतात. प्रत्येकाला विचारलं की या सहा सेशनमध्ये जुन्यातली कोणती गोष्ट हाताशी नव्हती म्हणून चिडचिड झाली. तिघांना काही आठवेना. पॅलादिनवाल्याने स्माइटवर वीस मिनिटं भाषण दिलं. जुनं कॅम्पेन जुन्याच नियमांवर संपवायचं आणि पुढचं नव्यावर सुरू करायचं ठरलं. त्या पुढच्या कॅम्पेनमध्ये तो काय खेळतोय म्हणाल, तर पॅलादिनच.