शनिवारवाड्यावर लिहिण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. पहिल्याच ओळीत ‘काका, मला वाचवा’ आलं आहे. ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणरावांचा खून सांगावाच लागेल, पण वाडा त्या किंकाळीने पडला नाही. वाचकाची तशी समजूत होऊ देऊ नकोस.

वाडा उभा कसा राहिला, तिथून सुरुवात कर. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. तटबंदी, दिल्ली दरवाजा, नवे महाल हे काम नानासाहेबांच्या काळातही चालू होतं. म्हणजे वाडा राज्याबरोबर वाढत गेला.

मग तू स्वतः तिथे जा, सकाळी, गर्दी व्हायच्या आत. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे बघ. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते आहेत. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा, हे नजरेत भर. आत जोत्यांवर लाकडी खांबांचे तळखडे दिसतील, त्यांच्यापाशी जरा थांब. वाड्याचा सांगाडा सागवानी होता, म्हणून २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीने वरचे मजले नेले आणि दगड तेवढा मागे ठेवला. आग विझायला कित्येक दिवस लागले, असं सांगतात. आज दिसणारी जोतीसुद्धा १९१९ नंतरच्या उत्खननात ढिगाऱ्याखालून मोकळी केलेली आहेत.

पण ऱ्हास आगीच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, आणि तुझ्या लेखात नेमकं हेच नाही. दुसऱ्या बाजीरावांचा मुक्काम पुढे विश्रामबागवाड्यात असे. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. एवढा लाकडी पसारा रोजच्या राबत्यावर टिकतो: कौलं चाळायची, वाळवी बघायची, दिवाबत्ती सांभाळायची. धनीच गेल्यावर हे करणार कोण? मला तर आगीपेक्षा ही दहा वर्षं जास्त जिव्हारी लागतात. यावर दोन परिच्छेद तरी लिही.

भुताच्या गोष्टी पूर्ण काढून टाक. कारंज्यांचं वर्णन मात्र तसंच राहू दे, छान उतरलंय. दुरुस्त मसुदा पाठव. पेशवे दप्तरातल्या नोंदी कशा वाचायच्या, ते भेटीत दाखवीन.