पाकीट घेतलं नाही म्हणून आदेश टळत नाही

ऐरोलीच्या एका वाचकांचं दीड पानी पत्र समोर आहे. सिडकोचं जुनं रो-हाऊस, मागे छोटं अंगण. त्यात तीन ससे, सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे एकाच जाळीच्या खुराड्यात. शेजारच्यांनी वासाची आणि पहाटेच्या आरवण्याची तक्रार केली. पालिकेची नोटीस आली, ती ‘बघू नंतर’ म्हणून फ्रिजवर गेली. आता त्यांचा प्रश्न आहे, ‘माझ्या अंगणात मी काय पाळायचं हे शेजारी ठरवणार का?’

असली पत्रं मला वरचेवर येतात. कुठे कबुतरं असतात, कुठे बकरी ईदच्या आधी आणलेला आणि मग जीव जडलेला बोकड. प्रश्न मात्र शब्दाशब्दाने हाच. त्यामुळे शेजारधर्मावर मी इथे काही लिहीत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटून तिसऱ्या ओळीत एक वाक्य आहे : ‘दंडाधिकाऱ्यांकडचं काहीतरी घेऊन पोलीस आले होते, घरच्यांनी सही केली नाही, मग ते दाराला चिकटवून गेले, त्यावर पुढच्या गुरुवारची तारीख आहे.’

अहो, पत्राची सुरुवातच इथून करायला हवी होती.

ते ‘काहीतरी’ म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालचा सशर्त आदेश. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं आणि निम्मे वकील अजून १३३च म्हणतात. ‘सशर्त’ हा शब्द नीट वाचा. अमुक दिवसांत उपद्रव दूर करा, किंवा अमुक तारखेला हजर राहून का करणार नाही ते सांगा, असे दोन पर्याय त्यात आहेत. तिसरा पर्याय तुम्ही मनाशी ठरवलेला दिसतो, गप्प बसण्याचा. कलम १५५ प्रमाणे गप्प बसलं की आदेश कायम होतो. शेजाऱ्याचं खरं की खोटं हे मग कोणी तपासत नाही. आदेश मोडल्याची भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खालची केस वेगळी. कायम झालेला आदेशही पाळला नाही, तर खुराडं सरकारी माणसं हलवतील आणि खर्च तुमच्याकडून वसूल करतील. त्यानंतर दिवाणी कोर्टात जाऊन ‘हा आदेशच चुकीचा’ म्हणायचीही सोय नाही. कलम १५२ च्याच दुसऱ्या पोटकलमाने ते दार बंद केलंय.

सही केली नाही म्हणून कागद मिळालाच नाही, ही समजूत आपल्याकडे कुठून आली देव जाणे. दाराला चिकटवलं की बजावणी झाली असंच धरून चला. आणि पत्रात तुम्हीच तारीख लिहिलीय, म्हणजे वाचलंतही!

तेव्हा गुरुवारी हजर राहायचं. वकील मिळाला नाही तर स्वतः जा, दोन ओळींचा अर्ज द्या, म्हणणं मांडायला मुदत मागा. पहिल्याच तारखेला आलेल्या माणसाला मुदत सहसा मिळते. गेल्यावर आदेशाची आणि तक्रारीची नक्कल मागा. शेजाऱ्याने नेमकं काय लिहिलंय हे तुम्हाला अजून माहीत नाही, तुम्ही नुसता अंदाज करताय.

म्हणणं काय मांडायचं? हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. त्यातला तुम्हाला लागू होऊ शकणारा भाग समाजाच्या आरोग्याला किंवा शारीरिक सुखाला बाधक ठरणाऱ्या धंद्याबद्दल, व्यवसायाबद्दल आणि माल ठेवण्याबद्दल बोलतो. दोन घरांमधल्या कुरबुरी मिटवायला ते नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. घरची चार जनावरं पाळणं म्हणजे ‘व्यवसाय’ नव्हे, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला असता.

‘ठरला असता’ म्हणतोय, कारण तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. गेटच्या उजव्या खांबावर पुठ्ठ्याची पाटी आहे, ‘गावठी अंडी मिळतील’, खाली मोबाइल नंबर. कोणी लावायला सांगितली होती? आठवड्याला डझनभर अंडी विकून किती पैसे सुटले असतील! पाटी आज काढा, पण ती कधी नव्हतीच असं दंडाधिकाऱ्यांसमोर सांगू नका. शेजाऱ्याकडेही मोबाइल आहे. घरात उरलेली अंडी ओळखीच्यांना दिली, आता तेही बंद केलंय, हे जर खरं असेल तर तेवढंच सांगा.

त्याच फोटोत दुसरी गोष्ट दिसते. कोंबड्या वरच्या दांडीवर बसल्यात, ससे बरोबर त्यांच्या खाली. पांढऱ्या सशाच्या पाठीवर विष्ठा वाळून चिकटलीय, गवत ओलं आहे. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेणं त्याला फारसं जमत नाही. ओल्या विष्ठेतल्या अमोनियाचा त्रास त्याला तुमच्या शेजाऱ्याच्या आधी होतो. पाश्चुरेला नावाचा जंतू सशाचं नाक गळवतो आणि कोंबड्यांमध्ये कॉलरा घडवतो. कोंबडीखाद्यात मिसळलेली काही औषधं सशाला विषासारखी भोवतात. हे वकिलाने कशाला सांगायचं? कारण हालचालीला पुरेल एवढी जागा न देता प्राणी कोंडणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, त्यावर हसायचं तर हसा, पण असा फोटो समोर गेला की तुमच्या बाजूने बोलणाऱ्याची जीभ अडखळते.

म्हणून गुरुवारच्या आधी ससे वेगळ्या पिंजऱ्यात हलवा, कोंबडा गावाला पाठवा, पशुवैद्यकांना बोलावून प्राण्यांची तपासणी करून लेखी घ्या. दंडाधिकाऱ्यांना आदेशात बदल करून तो कायम करता येतो, आणि खरी आशा तिथेच आहे. कोंबडा गेला, खुराडं भिंतीपासून दूर सरकलं, रोज सफाई होते, असं दिसलं तर ससे आणि दोन-चार कोंबड्या राहतील. खात्री मात्र देत नाही.

जूनमध्ये दोन कोंबड्या मेल्या आणि तुम्ही त्या पिशवीत भरून घंटागाडीत टाकल्या, असं सहज लिहून गेलात. कशाने मेल्या हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. संसर्गजन्य रोगाची शंका आली तर मालकाने कळवलंच पाहिजे, असा २००९ चा केंद्राचा कायदा आहे. पुढच्या वेळी थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पालिकेच्या नोटिशीचं आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यातल्या निवासी वापराच्या अटीचं काय, ते कागद पाहिल्यावरच बोलेन. दोन्हींच्या झेरॉक्स पाठवा. नोटीस आधी फ्रिजवरून खाली काढा.

नव्या कायद्यात ही चौकशी ९० दिवसांत, फार तर कारणं नोंदवून १२० दिवसांत संपवायची आहे. मी तीस वर्षं तारखा घेतोय, तेव्हा कॅलेंडरवर खुणा करून ठेवू नका. निकाल विरोधात गेला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्जाला (रिव्हिजनला) ९० दिवस असतात, आणि तेही फ्रिजवर ठेवायचे नाहीत.

गुरुवारी साडेदहाला पोचा. साहेब कदाचित दुपारी बसतील, तरी दाराजवळच थांबा. नाव पुकारलं तेव्हा तुम्ही खाली चहाच्या टपरीवर असलात तर शेरा ‘गैरहजर’ असाच पडतो.