उचलीपायी ऊसतोड टोळीत अडकलेल्यांसाठी अर्ज करताना

ताई, भावाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या तुमच्या वहिनी आजारी असूनही मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, ‘उचल फिटेपर्यंत कोपी सोडायची नाही’ म्हणतोय, हे तुमचं वाचलं. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, कोपी म्हणजे फडावरची झोपडी. आमच्या चुलत्याच्या कोयत्याचं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीचं, अगदी हेच झालं होतं. पोलिसांना फोन वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सांगत नाही.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान एका सरकारी कार्यालयाने केलं. ‘माणसं बीडची ना, मग बीडला अर्ज द्या. शिवाय हा उसनवारीचा वाद, कोर्टात जा.’ अर्ज घेतला नाही, पोच तर लांबच. तिकडे चुलती तापाने फणफणत होती आणि मुकादम वहीत रोज खाडा, म्हणजे गैरहजेरी, मांडत होता. खाड्याला पाचशे रुपये, तेही उचलीत वाढवून. 2024 च्या वाढीनंतरही तोडणीचा दर टनाला 366 रुपयेच झाला. नवराबायको मिळून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात. बाई आजारी पडली की मजुरी बुडते आणि वर दंड चढतो. अशी उचल फिटणार कधी?

मी वकील नाही, पण एवढं खात्रीने सांगतो: उचलीपायी माणसाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली अर्ज करा, तोही माणसं जिथे अडवली आहेत तिथल्या जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे. पहिल्याच वाक्यात ‘आजारी बाईला दवाखान्यात जाऊ देत नाहीत’ असं लिहा. हिशोबाने सुरुवात केलीत की समोरचा लगेच देण्याघेण्याचा वाद म्हणून हात झटकतो. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 15 प्रमाणे पैसे देणाऱ्यावर आहे. कुणी ‘पुरावा आणा’ म्हणालं तर हे कलम दाखवा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

सुटका झाली की मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी दाखला, मागाच. पुनर्वसनाची मदत त्यावरच मिळते. नुसतं गाडीत बसवून गावी पाठवलं, तर पुढच्या हंगामात तोच मुकादम त्याच वहीसकट दारात उभा राहतो.

कारखान्याकडे जाऊन वेळ घालवू नये, असं माझं मत. ‘कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे’ हेच उत्तर मिळतं. संताप येतो, पण आत्ता भांडायची ती जागा नाही. भावाकडे उसाच्या वजनाच्या पावत्या असतील तर फोटो मागवून ठेवा. आणि हो, गावचं रेशन कार्ड तिकडच्या दुकानातही चालतं, तोवर धान्य तरी उचलू द्या.

भाऊ कोणत्या तालुक्यात आहेत ते कळवा, अर्जाचा मसुदा आजच करून देतो.